उलटं शेततळं

शेततळ्यात अंथरतात त्या काळ्या जाड प्लास्टिकला आमच्याकडं कागद म्हणतात. केंदूर-पाबळपासून पार दौंडच्या उसाच्या पट्ट्यापर्यंत मी एवढ्या तळ्यांत कागद टाकलाय, की सोयरेधायरेही मला कागदवाला म्हणूनच ओळखतात. म्हणून शिरूरजवळचा जुना कचरा डेपो बंद झाला आणि त्या ढिगावर आच्छादन घालायचं ठरलं, तेव्हा जोड तपासायला मला बोलावणं आलं. घरी जेवताना मी सहज म्हणालो, "माळावरच्या कचऱ्यावर कागद टाकतोय आम्ही."

आईचा घास हातातच राहिला. मला वाटलं, दात दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साइटवर हजर. वॉचमन "अम्मा, अंदर मना है" म्हणत मागं धावतोय आणि ही आपली पुढं. धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हितं पानी साठवू नगा. माझी पोर हाय खाली."

माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि बारशाआधीच गेली, एवढंच मला ठाऊक होतं. तान्ह्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. कुठं पुरलं ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हा इथं नुसता माळ होता. कचऱ्याच्या गाड्या नंतर आल्या आणि आईचं इथं येणं बंद झालं, हे मला त्या दिवशी कळलं.

कागद म्हणजे तळं आणि तळं म्हणजे पाणी, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात. लेक बुडणार म्हणून ती निमोण्याच्या एसटीत बसून आली होती. मी तिला ढिगाच्या कडेला बसवलं, पाणी दिलं, समजावलं. हे उलटं शेततळं आहे. तळ्यातला कागद पाणी धरून ठेवतो, हा पाणी आत जाऊच देत नाही. वरून माती पडेल, गवत येईल.

"कोरडी ऱ्हाईल म्हंजी?"

"कोरडी राहील, आई."

ती जरा निवली. मग हळूच म्हणाली, "तर मग तेवढी जागा उघडी ठिव. हातभर. वरसातनं एकदा दूध ठिवून जाईन. तू हितला मानूस हायेस, तुझं ऐकतील."

कुणी ऐकलंही असतं. पण हातभर भोक म्हणजे सगळं आच्छादन पाण्यात. पाऊस त्यातून कचऱ्यात उतरणार आणि ते काळं पाणी खालच्या विहिरींत झिरपणार. मी नाही म्हणालो. एकदा मऊपणानं, मग तिनं परत विचारलं तेव्हा जरा मोठ्यानंच. सख्ख्या आईला असं तोडून बोलताना माझा मलाच राग आला.

काम थांबवता येत नव्हतं. दोन कागदांच्या जोडात मधोमध एक पोकळ नळी राहते. तिची टोकं बंद करायची, सुई खुपसून पंपानं हवा भरायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडं बघत बसायचं. काटा खाली आला की समजायचं, जोड कुठंतरी फुटलाय. आई शेजारी बसून माझ्यासारखीच काट्याकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हा जोड नापास व्हावा, निदान आजचा दिवस तरी इथं उघडं राहावं. काटा जागचा हलला नाही.

"ह्यो कुत्र्यानं उकरला तर?" तिनं विचारलं.

"माती उकरतील थोडी. हा नाही फाटायचा."

ती तापू लागलेल्या कागदावर हात ठेवून बसली होती.

"तुझं आबा हितं काठी घिऊन बसायचं," ती म्हणाली. "कुत्री लई हुती तवा. मला म्हनायचं, राखनीला जातो. आन् रानात तर काय बी पेरल्यालं नव्हतं."

माझ्या वडिलांना, आबांना, जाऊन बरीच वर्षं झाली. त्या लेकीचं नाव काढलेलं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नाव काढायला तिला नावच नव्हतं.

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदरानं तोंड पुसलं.

"नीट बघ सगळं जोड," ती म्हणाली. "राखनीला आता आबा न्हाईत."