गलबल्यातलं वाक्य

गल्लीत तिला सगळे ‘कानवाली’ म्हणत. कुणाच्या पोराचा कान वाहतोय, कुणाच्या सासूला शिट्ट्या ऐकू येतात, की माणूस थेट हिच्या दारात. “मी डॉक्टर नाही हो, मी नुसती ऐकवते,” हे ती सांगून सांगून थकली होती. लोक या कानाने ऐकत आणि त्या कानाने सोडून देत.

खरंच ती ऐकवायची. श्रवणविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती संशोधन साहाय्यक होती. नाव भारदस्त, पण काम म्हणजे माणसांना एका बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आवाज सोडायचे आणि त्यांना काय ऐकू आलं ते नोंदवायचं. त्या खोलीला सगळे ‘पेटी’ म्हणत. भिंतींना जाड स्पंज, दाराला दुहेरी फळ्या, आणि आत अशी शांतता की आपण गिळलेली थुंकीसुद्धा ऐकू यावी. दार लागलं की भलेभले घाबरत. ती काचेतून हसायची आणि माइकवरून म्हणायची, “जे ऐकू येईल ते म्हणा. अर्धं आलं तर अर्धं म्हणा. इथे चूक नसते.” तिच्या आवाजाने माणसं निवायची. या कामात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

घरी मात्र तिचं कसब चालत नव्हतं. आई गेल्यापासून बाबा तिच्याकडे होते. त्यांनी सगळा जन्म छापखान्यात, यंत्रांच्या धडधडाटात काढलेला, कान मंदावलेले. तरी मोठ्याने बोललं की त्यांना समजायचं. पण वर्षभरात त्यांनी एक नवीनच तक्रार सुरू केली होती.

“अगं, काल तू समोर उभी राहून बोलत होतीस आणि मला एक अक्षर आलं नाही. आज सगळं येतंय. हे कानाचं आहे की डोक्याचं?”

“वयाने होतं, बाबा.”

“वय काय दिवसाआड होतं?”

ती विषय बदलायची. बाबा मात्र मनातून खचले. बुद्धिबळाला जाणं त्यांनी सोडलं, कारण चारचौघांत भलतंच उत्तर गेलं तर हसं होईल. मग मोठा रस्ता ओलांडणं सोडलं. मग फोन उचलणं. माणूस घरातल्या घरात आक्रसत चालला होता. “तुझ्या पेटीत मला एकदा बसव,” असं ते म्हणत, आणि ती आज-उद्या करत राही.

शेवटी मॅडमनीच त्यांना बोलावलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. मोठ्या बाई, पण हिच्याशी वागणं थोरल्या बहिणीसारखं. दुपारी चहाच्या खोलीत दार लोटून म्हणायच्या, “बस गं. किती दमलीयस. बोल, मन मोकळं कर.” इतक्या वर्षांत हिला असं कुणी विचारलं नव्हतं. ती बोलायची. जे भावाला सांगितलं नाही, देवापुढेही कबूल केलं नाही, ते तिने मॅडमना सांगितलं. मॅडम चहा निवू देत आणि ऐकत राहत.

त्यांचा नवा प्रयोग म्हाताऱ्या कानांवरच होता. आजूबाजूला माणसं बोलत असताना समोरच्याचं बोलणं किती कळतं, ते मोजायचं. त्यासाठी मागे वाजवायला गोंगाट लागतो. त्याला हे लोक ‘गलबला’ म्हणत. जुना गलबला लोकांकडून वाचून घेतलेला होता, तो मॅडमना मिळमिळीत वाटायचा. नवा त्यांनी स्वतः तयार करून आणला. हिने तो एकदा स्पीकरवर वाजवून पाहिला. कार्यक्रम सुरू होण्याआधी सभागृहात असते तशी नुसती कलकल. एक शब्द सुटा निघेना.

बाबा धुतलेला सदरा घालून आले. आधी साध्या आवाजांची चाचणी झाली. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात तपासले तेव्हा होते तसेच कान होते, तसूभरही फरक नाही. शेजारी बसलेल्या मॅडम म्हणाल्या, “अगं, छान आहेत की.” हिने घाईने पुढची चाचणी लावली.

मग वाक्यं सुरू झाली. एक पुरुषाचा आवाज वाक्य बोलणार, बाबांनी ते पुन्हा म्हणायचं. “दुकान सकाळी उघडतं.” बरोबर. “मुलगी बसची वाट बघते.” बरोबर. मग मागून गलबला चढू लागला. बाबा पुढे वाकले. त्यांनी डोळे बारीक केले. दोन वाक्यं चुकली, एक अर्धं आलं. मग ते गप्प झाले.

“जे ऐकू येईल ते म्हणा, बाबा.”

बाबा सावकाश, शाळेत धडा म्हणावा तसं म्हणाले, “ओरडून ओरडून घसा बसतो. मग मी नुसते ओठ हलवते. आवाज काढतच नाही. ते बापडे मान डोलावतात.”

मॅडमनी कागद चाळले. “हे वाक्य आपल्या यादीत नाहीये.”

ते वाक्य हिच्याखेरीज जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस शेजारी बसून यादी चाळत होता.

“मॅडम, गलबला कुठला आणलात?”

आता मॅडमना उमगलं. “अगं, आठ आवाज एकावर एक चढवलेत. कुणाला शब्द कळत नाही, मी तपासून घेतलंय.”

“त्यांना कळले.”

“हो, म्हणजे... ओळखीचा आवाज.” मॅडमच्या डोळ्यांत क्षणभर कुतूहल चमकलं, हिला ते कधीच विसरता आलं नाही. “रागावू नकोस. माइक दाखवला की माणसं पुस्तकासारखी बोलतात. तू किती सहज बोलतेस.”

भिंतीला कान असतात म्हणतात. इथे चहाच्या खोलीतल्या कपाटावर रेकॉर्डर होता. मन मोकळं कर म्हणायचं आणि ते भरून घ्यायचं, याला केसाने गळा कापणं म्हणतात. हिला मॅडमना हजार गोष्टी सुनवायच्या होत्या. पण काचेपलीकडे बाबा बसले होते, आणि फसवणुकीची तक्रार करायला तिची तिलाच जागा उरली नव्हती.

तिने पेटीचं दार उघडलं. बाबांनी हेडफोन काढून नीट मांडीवर ठेवले.

“माझे कान ठीक आहेत ना?”

“ठीक आहेत.”

“आणि डोकं?”

“तेही.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “फार भ्यालो होतो गं मी.”

ते ना चिडले ना रडले. चिडले असते तर तिने पाय धरले असते. घरी जाताना मोठा रस्ता त्यांनी तिचा हात न धरता ओलांडला.

नोकरी तिने सोडली नाही. पोटापुढे मान कुठवर ताठ राहते. तो गलबला अजून वापरात आहे. मापं त्यावर घेतली गेलीत, आता बदलता येत नाही, असं मॅडम म्हणतात. परक्या म्हाताऱ्यांच्या कानांवर ती रोज स्वतःच्या हाताने तो चढवते. दुपारचा चहा ती बाहेर टपरीवर उभ्याने पिते.

बाबा पुन्हा बुद्धिबळाला जातात, फोन उचलतात. तिच्याशी ते नीट बोलतात, जेवलीस का विचारतात. पूर्वी ती बोलू लागली की ते तिच्या ओठांकडे टक लावून बघत. आता ती बोलू लागली की ते डोळे मिटून घेतात.