शेवटच्या वळणासाठी राखलेला आवाज

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती पाहिली नाही. जे पाहिलं ते त्यांनी त्याच क्षणी, चालू वर्तमानकाळात, शेजारच्याला सांगितलं. आणि शेजारी कोणी नसेल तर भिंतीला सांगितलं. मी हिशेबखात्यातला माणूस. ‘कुठलीही’, ‘कधीही’, ‘सगळं’ असले शब्द मी जपून वापरतो, कारण असा शब्द एकदा लिहून गेला की त्याला एक तरी अपवाद निघतो आणि तो वर्षअखेरीला छळतो. मामांच्या बाबतीतही एक अपवाद आहे. तो मी शेवटी सांगणार आहे, कारण महत्त्वाची गोष्ट शेवटच्या वळणासाठी राखून ठेवावी, हे मला मामांनीच शिकवलं.

मी पुण्याहून भोपाळच्या कारखान्यात आलो तेव्हा मामा तिथे मुरलेले होते. मूळचे ग्वाल्हेरचे, त्यामुळे मराठी बोलताना मधूनच हिंदीत जाऊन पाणी पिऊन परत येत. टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर तळमजल्यावर आणि त्यांचं समोरच्या ब्लॉकमध्ये पहिल्या मजल्यावर, अगदी कोपऱ्याला. त्यांच्या बाल्कनीतून कारखान्याच्या गेटपासून चौकापर्यंतचा सरळ रस्ता दिसे. मामांची पाळी सकाळची, त्यामुळे संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आधीच ते बाल्कनीत उभे असत. मग भोंगा व्हायचा, गेट उघडायचं, आणि शेकडो स्कुटरी आणि सायकली एकदम बाहेर पडायच्या. “गेट उघडलं! सगळ्यात पुढे फाउंड्रीचे वर्माजी, आज पण हेल्मेट हँडलला. मागून आनंद नगरवाली टोळी आतल्या बाजूनं घुसतेय. आणि हे काय, भई, पांडेजी ठेल्यापाशी थांबले! मेथीच्या जुडीनं पांडेजींची शर्यत संपवली!” आतून मामींचा आवाज यायचा, “अहो, मेथी कशी दिली ते विचारा की! नुसतं काय ओरडताय?” रस्त्यावरची धूळ तोवर उन्हात सोन्यासारखी होऊन तरंगत असायची आणि स्कुटरी तिच्यातून एकेक करून अशा निघायच्या, की वाटावं मामा नाव घेताहेत म्हणूनच त्या दिसताहेत.

पण मामांचा खरा जीव मोटारींच्या शर्यतीत. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये केबल आली तेव्हा बाकीच्यांनी क्रिकेट आणि मालिका बघितल्या; मामांना कुठल्याशा वाहिनीवर रविवारी गोल गोल पळणाऱ्या त्या बुटक्या मोटारी सापडल्या आणि ते त्यांचेच झाले. गंमत म्हणजे मोटारींमध्ये त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना रस होता तो शर्यत सांगणाऱ्यांमध्ये. निम्मी शर्यत आवाज चालू ठेवून ते समालोचकांना मार्क देत, आणि उरलेली निम्मी आवाज बंद करून तेच काम स्वतः करून दाखवत. “जावईबापू, पहिला नियम,” ते मला म्हणाले, “जे दिसतंय ते सांगायचं नाही. लाल गाडी उजवीकडे वळली! अरे, आम्हाला डोळे दिलेत देवानं. ती वळताना मागचं चाक का थरथरलं, ते सांग. ड्रायव्हर मागच्या फेरीपेक्षा आधी ब्रेक का मारतोय, ते सांग.” दुसरा नियम आवाजाचा. आवाजालाही गिअर असतात, आणि पहिल्याच वळणावर जो चौथ्या गिअरमध्ये ओरडतो त्याच्याकडे शेवटच्या वळणासाठी काही उरत नाही. एकदा एक समालोचक सुरुवातीलाच इतका किंचाळला, की मामा उठून टीव्हीला म्हणाले, “बेटा, पाणी पी. अजून पन्नास फेऱ्या आहेत.” तिसरा नियम मला सगळ्यात आवडायचा. पुढे पळणारे दोघे कॅमेऱ्याचे, असं ते म्हणायचे; पण सगळ्यात मागून जो एकटा येतो, तो समालोचकाचा. त्याच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून त्याचं कोणी तरी सांगायला हवं. सगळ्यात मागच्या त्या मोटारीची खबर मामा अशी काळजीनं घेत, जणू त्यांच्या घरचंच कोणी शाळेतून अजून यायचंय.

माझी नेमणूकही त्यांनीच केली. चांगल्या समालोचनाला माणसं दोन लागतात, एक भान हरपणारा आणि एक भान ठेवणारा, हा त्यांचा सिद्धांत. आणि भान हरपण्याची जागा आधीच भरलेली होती. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे वाचून पुढच्या-मागच्या गाड्यांतलं अंतर सांगणं माझ्याकडे आलं. मला ते काम मनापासून आवडलं. मामा रंगात येऊन म्हणत, “आता हा त्याला गिळणार!” आणि मी म्हणे, “मामा, अंतर वाढलंय.” मामा माझ्याकडे बघत, सुस्कारा टाकत आणि म्हणत, “तर मंडळी, गिळणं लांबणीवर पडलंय.” प्रेक्षक म्हणून फक्त मामी असायच्या, त्याही तांदूळ निवडत. पण मामा ‘मंडळी’च म्हणायचे.

घरात तर काही बोलायलाच नको. स्वयंपाक चालू असताना गॅस संपला, की मामा हातातलं घड्याळ काढून उभे राहत. शर्यतीत मोटार टायर बदलायला मध्येच थांबते तसं हे थांबणं. सिलिंडर किती वेळात बदलला, रेग्युलेटर पहिल्या झटक्यात बसला का, याचं साग्रसंगीत वर्णन. सिलिंडर मात्र मामीच बदलायच्या. पुरणपोळी तव्यावर फुगू लागली की “आतल्या बाजूनं पुढे सरकतेय” असं दारातून ऐकू येई, आणि लाटणं वर झालं की समालोचक बाहेरच्या खोलीत माघार घेई. मामी टाउनशिपच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. दिवसभर चाळीस मुलांचा गलका ऐकून घरी येणाऱ्या बाईला घरातही ध्वनिक्षेपक मिळावा, याला नशीब म्हणावं की काय, मला ठरवता आलेलं नाही.

पन्नाशीत मामींनी बिनागिअरची स्कूटर घेतली. शिकवायला अर्थातच मामा. ते शेजारून धावत होते आणि धावता धावता सांगत होते: “बाईंनी सुरुवात चांगली केली आहे, खांदे जरा ताठ आहेत, पुढे मेंदीचं कुंपण दिसतंय, बाई कुंपणाकडे बघताहेत...” बाई कुंपणात गेल्या. हाताला खरचटलं ते सोडून बाकी काही झालं नाही, पण मामींनी तिथेच उभं राहून सांगितलं, “तुम्ही बोललात की माझा तोल जातो. यापुढे माझ्या गाडीच्या आसपास दिसायचं नाही.” पुढचं सगळं त्या एकट्या शिकल्या, रविवारी, मामा टीव्हीसमोर असताना. मामांना हे लागलं. “मी कुंपण दिसतंय म्हणालो,” ते मला म्हणाले, “तो माझाच नियमभंग होता. तिला दिसतच होतं.”

मामांची एक इच्छा होती आणि ती सगळ्या टाउनशिपला ठाऊक होती. वर्षातून एकदा, थंडीत, वेल्फेअर सेंटरच्या मैदानावर क्रीडादिन व्हायचा, आणि त्या दिवशी माइक त्यांना हवा होता. दर वर्षी ते समितीकडे जात आणि दर वर्षी माइक सचिवांकडेच राही. सचिव सज्जन होते, पण त्यांना शेर म्हणायची हौस. शंभर मीटरच्या धावण्यात त्यांचा एक शेर संपेपर्यंत पोरं पळून, पाणी पिऊन परत येत. मामा मैदानाच्या कडेला उभे राहून तळमळत. नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. पुढच्या थंडीत मामा टाउनशिपमध्ये नसणार होते. तेव्हा सचिवच एक दिवस आले आणि म्हणाले, “मामाजी, इस बार एक आइटम आपका. महिलाओं की स्कूटर रेस.” मामांचा चेहरा उजळला. “स्लो रेस है,” सचिव पुढे म्हणाले.

म्हणजे आखलेल्या पट्ट्यातून स्कूटर जितकी हळू नेता येईल तितकी न्यायची; पाय टेकला की बाद; आणि जी सगळ्यात शेवटी रेघ ओलांडेल ती पहिली. जन्मभर वेगाचं सांगणाऱ्या माणसाच्या हाती आली ती अशी शर्यत. दोन दिवस मामा सुन्न होते. “जावईबापू, इथे जो मागे तो पुढे. सगळं इंजिनच उलटं फिरवावं लागेल.” मग त्यांनी सराव सुरू केला. दुपारी बाल्कनीतून उन्हाचा एक चौकोन घरात येई आणि फरशीवरून हळूहळू सरके. मामा त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसत आणि अगदी खालच्या आवाजात सांगत: “ऊन आता तिसऱ्या फरशीवर... घाई नाही... मांजरीच्या शेपटीला लागलंय, मांजर जागची हललेली नाही...” मी शेजारी बसून ऐकत असे. पंखा बंद, रस्ता रिकामा, आणि त्या आवाजात ते ऊन इतकं मोठं होई, की डोळा लागला तरी स्वप्नात तेच सरकत राही. माझ्या मते मामांनी केलेलं सर्वांत चांगलं समालोचन ते. एके दिवशी ऊन भिंतीशी पोचलं तेव्हा ते म्हणाले, “शेवटच्या क्षणासाठी एक वाक्य काढून ठेवलंय. असं वाक्य, की लोक घरी गेल्यावर आठवतील.” मी विचारलं, “कोणतं?” ते म्हणाले, “वाह! आत्ता सांगितलं तर शेवटच्या वळणाला काय विकू?”

क्रीडादिनाच्या दुपारी ऊन मऊ होतं. चुन्याचे पट्टे आखलेले, सहा स्कुटरी उभ्या. मामा मंचावर, इस्त्रीच्या सदऱ्यात, मी शेजारी. माइकवाल्यानं त्यांच्या हातात कागद दिला आणि मामा नावं वाचू लागले. पाचव्या पट्ट्यापाशी ते अडखळले. मी वाकून पाहिलं. हेल्मेटखालून मामी सरळ समोर बघत होत्या. त्यांनी घरी चकार शब्द काढला नव्हता. समालोचकाला नातं नसतं, हा मामांचा चौथा नियम. त्यांनी घसा साफ केला आणि गंभीरपणे म्हणाले, “पाँचवीं लेन में, प्राइमरी स्कूल की मैडम.” मागून कोणीतरी ओरडलं, “अरे मामाजी, नाम तो बोलिए, घर जाना है कि नहीं?” मैदान हसलं.

शिटी झाली आणि मामा त्या फरशीवरच्या उन्हाच्या आवाजात बोलू लागले. गलका हळूहळू विरला. एकीचा पाय लगेच टेकला. दोघी घाईनं रेघेपलीकडे गेल्या, त्यांचंही मामांनी आपुलकीनं सांगितलं. चौथी आपल्याच मुलाला हात करायला गेली आणि आडवी झाली. उरल्या दोन, इस्पितळातली एक तरुण नर्स आणि मामी. दोन्ही स्कुटरी इतक्या हळू सरकत होत्या, की मागच्या निलगिरीच्या सावल्याच त्यांना पुढे ढकलताहेत असं वाटावं. इंजिनांची गुणगुण आणि तिच्यावर मामांचा तो अलगद आवाज; सगळं मैदान जागेपणी झोपल्यासारखं झालं होतं. रेघ हातभर राहिली. मामींचं पुढचं चाक डुगडुगलं आणि त्यांनी एकदाच, क्षणभर, मंचाकडे पाहिलं. शेजारी मामांनी छातीभर श्वास घेतला. तो श्वास मी ओळखत होतो. ते वाक्य आता येणार होतं, इतके दिवस राखलेलं.

मामांनी माइक तोंडापासून दूर नेला.

कर्ण्यातून नुसती घरघर येऊ लागली. माइकवाला कुजबुजला, “मामाजी, माइक चालू है, बोलिए!” सचिव खालून म्हणाले, “अरे, लाइट गई क्या?” मामांनी ओठ घट्ट मिटले होते आणि मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं होतं. नर्सच्या चाकानं रेघ ओलांडली. मामींचं चाक डुगडुगत अलीकडेच थांबल्यासारखं राहिलं, सावरलं, आणि मग हवं तेव्हा पलीकडे गेलं. मैदान उठलं. मामा अजूनही गप्पच, म्हणून सचिवांनी धावत येऊन माइक घेतला आणि संधी साधून शेर म्हटला.

बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन मामी मंचापाशी आल्या. “बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर गप्प बसलात,” त्या म्हणाल्या, “म्हणून पोचले.” आणि डबा त्यांच्या हातात दिला.

परतताना मामा अस्वस्थ होते. “पक्षपात झाला, जावईबापू. ती नर्स बोलण्यानं बिचकणारी नव्हती. माझ्या गप्प बसण्याचा फायदा एकीलाच मिळाला.” हिशेबाचा माणूस म्हणून मी सगळ्या बाजूंनी विचार केला. आक्षेप खरा होता. पण तो कोणत्या नियमाखाली नोंदवायचा, ते मला सापडलं नाही. मी म्हणालो, “पण मामा, जे दिसतंय ते सांगायचं नाही ना? सगळ्यांना दिसतच होतं.” मामा थोडं चालले आणि म्हणाले, “हं. हे बरं सापडलं तुम्हाला.”

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. मामा-मामी इंदूरला मुलीजवळ गेले. समोरच्या बाल्कनीत आता कोणाचे तरी कपडे वाळतात, आणि भोंग्यानंतरच्या स्कुटरी कोणी नाव न घेता निघून जातात. त्या वाक्याबद्दल मी एकदा फोनवर विचारलं. मामा म्हणाले, “कुठलं वाक्य? विसरलो, यार.” मी खोदून विचारलं नाही.

शर्यत असली की अजून आमचा फोन असतो. शेवटच्या थोड्या फेऱ्यांना लागतो आणि मग दोन्हीकडून चालू राहतो. त्यांचं बोलणं, माझे आकडे, मागून मामींचं “अहो, हळू.” त्यांच्याकडे गच्चीवर डिशची छत्री आहे आणि आमच्याकडे केबल, त्यामुळे चित्र त्यांच्याकडे आमच्यापेक्षा काही क्षण आधी पोचतं. हे मला कळायला बराच काळ लागला, कारण मामांनी ते कधी कळू दिलं नाही. शेवटचं वळण जवळ आलं की ते बोलायचे थांबतात. फोनमधून त्यांच्या टीव्हीवरचा गलका येऊ नये म्हणून आवाजही बंद करतात. त्या क्षणी कोण जिंकलं ते मामांना ठाऊक झालेलं असतं आणि मला अजून व्हायचं असतं. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो, छातीभर घेतलेला आणि तसाच धरून ठेवलेला. मग माझ्या पडद्यावर मोटारी वळतात, सरळ रस्त्याला लागतात, आणि माझी शर्यत संपेपर्यंत मामा तिकडे थांबून राहतात.