मी सुगंधाला वाचवलं, त्याची गोष्ट

आईच्या शेवटच्या आजारपणात एकदा वाटलं होतं, हिला सांगून टाकावं. ती गुंगीत होती, ऐकू येणार नव्हतं — म्हणूनच धीर झाला असावा. तरी तोंड उघडलं नाही. आधीही कुणापाशी नाही, नंतरही नाही. तुम्ही पहिलेच. आणि आता सांगायला बसले तर कळत नाहीये, सुरुवात कुठून करू?

नाशकात पोहण्याशी ज्याचा थोडाफार संबंध आहे त्याला माझं नाव ठाऊक असतं. फ्रीस्टाइलमध्ये बरीच वर्षं मी राज्यात पहिली येत होते. राष्ट्रीय पदकंही आहेत. त्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, आणि आता सकाळ-संध्याकाळ तलावावर मुलांना शिकवते. कुठे सत्कार असला की निवेदक पदकं वाचून दाखवतो, मग आवाज जरा खाली आणून म्हणतो — आणि याच प्रज्ञाताईंनी लहानपणी आपल्या मैत्रिणीचा जीव वाचवला. टाळ्या त्याला जास्त पडतात. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

ती मैत्रीण म्हणजे सुगंधा. इगतपुरीकडची. धरणाच्या काठी त्यांचं गाव, वडील भातशेती करायचे आणि शेतीतलं काम संपलं की घरदार घेऊन मजुरीला बाहेर पडायचे. कुठल्याशा शालेय स्पर्धेत आमच्या तलावावर शिकवणाऱ्या सरांनी तिला पाहिलं आणि नाशकात आणून वसतिगृहात ठेवलं. तिला कुणी पोहायला शिकवलं नव्हतं. हात वाकडे पडायचे, वळताना भिंत चुकायची. तरी पहिल्या वर्षातच ती माझ्या बरोबरीला आली, आणि मग — पुढे गेली. हे सांगायला अजूनही जड जातं. पुढे गेली.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. बाबा कारकून, घर दोन खोल्यांचं, पण आई तिला पोटभर वाढायची. म्हणायची, "खा गं, तुला ताकद लागते." मलाही लागत होती. सुगंधाला यातलं काही कळायचं का? नसावं. तिचा माझ्यावर जीव होता. शाळेतल्या मुली तिच्या बोलण्याला हसत, मी हसत नसे, एवढं तिला पुरे होतं.

तिला एक नाद होता. सराव संपला की ती खोल पाण्यात बुडी मारायची आणि तळाशी मांडी घालून बसायची. खूप वेळ. मी एकदा विचारलं, काय करतेस खाली? म्हणाली, "काय नाय. लय शांत वाटतं. घरच्यावानी." हे फक्त मला माहीत होतं. सरांना कळलं असतं तर ते रागावले असते.

त्या हिवाळ्यात पुण्याला मोठं सराव शिबिर होतं. आमच्या तलावावरून एकीलाच पाठवणार होते. सरांनी नाव सांगितलं नव्हतं, पण एकीलाच जायचंय हे सांगताना ते पाहत होते सुगंधाकडे.

तर, त्या दिवशी —

सराव संपला होता. बाकीच्या मुली कपडे बदलायला गेल्या होत्या, सर बाहेर कुणाशी तरी बोलत उभे होते. मी काठावर पाय सोडून बसले होते. सुगंधा खाली होती, तळाशी, गाल फुगवून. पाणी स्वच्छ होतं. तिनं वर पाहिलं, मी दिसले, आणि तिनं मला हात केला. मजेत. मी तो हात स्पष्ट पाहिला. तो हात पाहूनसुद्धा मी पुढचं केलं, म्हणून हे सांगते आहे.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की उडी मारली तेव्हा मनात काहीच नव्हतं, घाबरून मारली. खोटं आहे ते. मी थांबले होते. सर फाटकातून आत येताना दिसले — आणि मग मी उडी मारली.

मागून काखेत हात घालून तिला ओढलं. ती दचकली, नाकातोंडात पाणी गेलं, धडपडायला लागली. काठावर आणली तेव्हा खोकून खोकून डोळे पांढरे झाले होते. सर धावत आले. मी म्हणाले, "सर, हिला फिट आली. तळाशी हातपाय झाडत होती."

श्वास मिळाल्यावर ती म्हणाली, "मी खेळत व्हते, सर. बसले व्हते नुस्ती." सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ज्याला फिट येते त्याला आठवत नाही, असं ते मला हळूच म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांचे डोळे भरले होते.

इथवर कदाचित पोरपणा म्हणता आला असता. पण दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, तपासणीत दरवेळी सापडतंच असं नाही, बघणाऱ्यानं काय बघितलं ते महत्त्वाचं असतं. मग माझ्याकडे वळले. "हात कसा हलत होता? करून दाखव." आमच्या कॉलनीत एका काकांना फिट यायची, मी पाहिलेली होती. मी हात तसा वाकडा केला. बोटं ताठ केली. मान एका बाजूला टाकून दाखवली. सुगंधा बाकावर बसून माझ्याकडे बघत होती — आपल्याला काय झालं होतं, ते माझ्याकडून शिकत असल्यासारखी.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "प्रज्ञा, खरंच का गं? मला कायच कळलं नाय?"

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. तलावाच्या फाटकापाशी माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "पोरी, तू व्हतीस म्हणून. नाय तं आमची पोर गेली व्हती." तिची पेटी खांद्यावर घेऊन ते तिला घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात कॉलनीतल्या विहारात माझा सत्कार झाला. माझा पहिला सत्कार तो. आई रडली. शिबिराला मी गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. तिला गोळ्या सुरू झाल्या, काही वर्षं चालल्या. गावात फेफरंवाली पोरगी म्हणून नाव पडलं. स्थळं यायची आणि परत जायची. शेवटी इगतपुरीतल्या एका बिजवराशी लग्न झालं. माणूस चांगला आहे, पण घरात तिला कुणी विहिरीवर एकटीला पाठवलं नाही, चुलीपाशी एकटी सोडली नाही. मुलगी झाली तेव्हा तिला न्हाऊ घालायलाही कुणीतरी सोबत लागायचं. ज्या धरणात ती लहानपणी दिवसदिवस पोहायची, त्यात तिनं पुन्हा पाऊल घातलं नाही.

आणि मी? मी जिंकत गेले. ती असती तर जिंकले असते का? हे मला कधीच कळणार नाही. लग्न केलं नाही. दोनदा ठरत आलं होतं, पण जवळ येणारं माणूस कधीतरी तीच गोष्ट कौतुकानं काढायचं, आणि मग मला त्याच्याकडे बघवत नसे. गंगापूर रोडला फ्लॅट आहे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सुगंधा तलावावर आली. सोबत मुलगी, दहा-अकरा वर्षांची, लांब हातांची. आम्ही बाहेर झाडाखाली बसलो. मुलगी जाळीला नाक लावून पाण्याकडे बघत होती. सुगंधा म्हणाली, "हिला पोहायचंय. रोज डोकं खाती माझं. पण हे आईकडून पोरीत येतं म्हणत्यात. हिलाबी असंल तर? मी कुणालाच विचारलं नाय. म्हटलं, प्रज्ञाला विचारीन. तू सांगशील तसं करीन."

एवढं सोपं होतं. वाक्य जिभेवर होतं. आम्ही दोघीच होतो, ती माझा हात धरून बसली होती. तिच्यासाठी नाही, निदान त्या पोरीसाठी तरी?

मी म्हणाले, "एकदा डॉक्टरांना विचारून घे."

तिनं मान हलवली. उठली, मुलीला हाक मारली. ती जाळीपासून निघेना, दोनदा ओढावं लागलं. मग दोघी इगतपुरीच्या गाडीसाठी स्टँडकडे गेल्या. मुलगी मागे वळून बघत होती. मी शिट्टी गळ्यात घातली आणि संध्याकाळची मुलं घ्यायला आत गेले.