तुरीच्या यादीतली रिकामी जागा

माझ्या धाकट्या जावेच्या पोरासारखा अस्वस्थ माणूस अख्ख्या मारेगाव तालुक्यात दुसरा निघायचा नाही. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला वर्षभर आमच्याकडे होता, पण खुर्चीवर टेकलेला मी त्याला पाहिला नाही. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन झोपाळ्यावर, नाहीतर हातात धरून अंगणात येरझारा. ताटात दोन भाकरी वाढल्या तर आधी एकीवर एक ठेवून मोठी कोणती ते बघणार, मग जेवणार. "तुले भूक हाये का परीक्षा घेतं?" मी म्हणायची.

आम्हा बायकांच्या डाळमिलची यादी त्यानंच बसवून दिली. घरोघरी जाऊन मीटरनं तुरीतली ओल मोजायची, आकडा टाकायचा. कॉम्प्युटर दोन-दोन आकडे ताडून बघतो अन् कोरडी तूर वर घेतो, ती आधी भरडायची. यादी मोडायची नाही, हा नियम आमचाच.

एक दिवस आभाळ भरून आलं. माझी तूर अंगणात उघडी, अन् यादीत माझी अकरा टक्के ओलीची तूर सखूबाईच्या सोळाच्या खाली! मध्ये तांड्यावरची जमनाबाई. तिच्या दारी पोचता पोचता मीटरचा सेल संपला, म्हणून आकड्याच्या जागी 'नॅन'. म्हणजे संख्याच नाही.

येरझारा घालत तो सांगू लागला, "मशीन इचारते, अकरा याच्याहून कमी का? नाही. जास्त का? नाही. मंग थे सारखंच समजते अन् तुले तिथंच ठेवते. सखूबाईपर्यंत तू पोचतच नाही." अन् वर म्हणे, हे नॅन स्वतःच्याही बरोबरीचं नसते! मी म्हटलं, असे स्वतःशीच न पटणारे दोन पाव्हणे आपल्याकडंही आहेत.

"मंग शून्य टाक ना बाप्पा! आभाळ पाय कसं भरलं!"

"शून्य म्हणजे ठणठणीत कोरडी, मोठी आई. आपल्याले माहीत नाही, एवढंच खरं."

नवा सेल घालून गडी तांड्याकडे निघालासुद्धा. थोड्या वेळानं फोन आला, "तेरा टाक!" यादी हलली, मी वर सरकले, अन् पहिला थेंब पडायच्या आत माझी पोती मिलमध्ये. तो मात्र चिंब होऊन परतला, अन् ओल्या अंगानंच यादी दुरुस्त करत बसला: आकडा नसला की नाव वेगळं, पुढे लिहिलेलं, 'मोजायचं राहिलं'.

आता तो पुण्याला परत गेलाय. "कधी येतं रे?" विचारलं की म्हणतो, "माहीत नाही, मोठी आई." धाकटी जाऊ डोळे पुसून म्हणते, "थो काही येत नाही आता."

मी तिथं शून्य टाकत नाही. झोपाळ्यावरची त्याची चादर धुऊन पुन्हा तिथंच घालते.