अप्पांच्या गाडीचे दिवे

आमच्या घरात अप्पांना तोंडावर खरं सांगायची पद्धतच नव्हती. आई सांगायची नाही, मी सांगायचो नाही, दुकानातलं गिऱ्हाईक तर नाहीच नाही. चौसाळ्यात हमरस्त्याला लागून आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, साठी ओलांडलेले, आणि आमच्या गल्लीत पहिली कार आणलेले. कार जुनी घेतलेली, पण रुबाब नव्याचा. गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला त्या वर्षी त्यांना दिसेनासं झालं. चारशे नंबरचा पॉलिश पेपर मागितला की हजारचा काढून द्यायचे. समोरून व्याही आले तरी ओळख द्यायचे नाहीत. व्याही रुसून बसले, तरी आम्ही गप्प. आईने एकदा डोळे तपासायचं काढलं, तर भरल्या ताटावरून उठले.

"माझ्या डोळ्याला काय धाड भरली? गाडीचे दिवेच मंद झालेत."

ही तक्रार अगदीच खोटी असती तर बरं झालं असतं. आधीच्या जीपचे दिवे काचेचे होते, ओलं फडकं मारलं की लख्ख. या कारचे प्लास्टिकचे, उन्हाने पिवळे पडून वर सायीसारखा थर धरलेले. मी ते गॅरेजवाल्या चाचांना दाखवले. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. दिव्यावर अंगठा फिरवून ते म्हणाले, "बेटा, हे तर घरीच घासून निघंल. पण तुझ्या अप्पाची नजर लई गेली हाय. आधी त्यांला डाक्टरला दाव, दिवे मंग."

मी हो हो म्हणालो, आणि घरी येताना टूथपेस्ट घेऊन आलो.

रविवारी दुकान बंद करून बसलो. दिव्यांच्या कडेने पत्र्यावर चिकटपट्टी लावली, बादलीतल्या पाण्यात पेपर भिजवला आणि एकाच दिशेने घासायला लागलो. आधी आठशेचा, मग पंधराशेचा, मग दोन हजारचा. पहिल्या पेपराने दिवा आणखीच पांढरा झाला. अप्पा जवळ येऊन वाकून म्हणाले, "वाटोळं केलंस की रे!" त्यांना तेवढं मात्र दिसलं. दुपारपर्यंत बोटांची सालं निघाली. शेवटी सुती कापडावर पेस्ट घेऊन चोळली, पाणी ओतलं, तेव्हा आतला बल्ब आरशातल्यासारखा स्वच्छ दिसायला लागला. गल्लीतली चार माणसं बघायला आली. अप्पांनी दिव्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. खोटं कशाला सांगू, मी सुखावलो. शाबासकी मिळाली आणि भांडणही टळलं.

दर सोमवारी अप्पा स्वतः गाडी चालवत बीडला महादेवाला जायचे. हल्ली मात्र ऊन आहे तोवरच परतायचे. कारण विचारलं तर दिव्यांवर ढकलायचे. त्यांचं भय त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्या सोमवारी ते संध्याकाळच्या आरतीला थांबले. का नाही थांबणार? दिवे नवे झाले होते.

गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक दूधवाला सायकल हातात धरून चालला होता. दोन्ही बाजूंना कॅन. अप्पांनी ब्रेकसुद्धा मारला नाही. माणूस दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

मी ठाण्यात पोचलो तेव्हा अप्पा बाकावर बसले होते. त्याला उचलायला खाली बसले असणार, धोतर गुडघ्यापर्यंत दुधाने भिजलेलं होतं. दूधवाल्याचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. हवालदार गाडीचा पंचनामा वाचून दाखवत होता. नंबर, रंग, चेंबलेला पत्रा. मग वाचलं, "पुढील दोन्ही दिवे स्वच्छ व चालू स्थितीत."

अप्पांनी मान वर केली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पण नजर जरा बाजूलाच पडत होती.

"दिवे तर चांगले व्हते," ते हळू म्हणाले. "मंग मला न्हाई कावून दिसलं रे?"

भाऊ ऐकत होता. मला उत्तर पाठ होतं.

"मला काय म्हाईत, अप्पा," मी म्हणालो.