दिलं ते कुणाचं झालं

"वाच. मोठ्यानं वाच."

काकूंनी स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉलमध्ये पंधरा-वीस बायका. मी आईच्या मदतीला गेले होते, वाणाचे डबे वाटायला. डब्यांचा ट्रे तसाच खाली ठेवला आणि फोन बघितला. फोनवर माझीच जाहिरात होती.

मी वाचलं. "इरकल साडी. विटकरी रंग. घरातली. एकदाच नेसलेली."

"एकदाच?" काकू म्हणाल्या. "दहा वर्षं नेसलेय मी ती."

बायका हसल्या. एकीच्या तोंडात तिळगूळ होता, तिला ठसका लागला.

"घरातली म्हणे," दुसरी म्हणाली. "कुणाच्या घरातली, तेपण लिहायचं ना."

पुन्हा हशा. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं आई उभी होती, हातात पाण्याचा जग. तिला वाचता येत नाही, आणि मी वाचलं ते आतून नीट ऐकू आलं नव्हतं. बायका काहून हसतायत हे तिला कळत नव्हतं, आणि मालकीणबाई हसल्या म्हणून तीही थोडी हसत होती. ते हसू माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

हे हिंगोलीतल्या एका वकिलांचं घर. आई तिथं अकरा वर्षं धुणीभांडी आणि फरशी करत होती. वकिलांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू आईला नुसतं सुमन म्हणायच्या, अगं-तुगं करायच्या. आई त्यांच्यापेक्षा वयानं मोठी. आईचा चहाचा कप मागच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा.

साडी काकूंनीच दिली होती. निऱ्यांपाशी फाटलेली, पदरावर तेलाचा डाग. आईनं तो डाग रिठ्यानं दोनदा धुतला. फाटलेलं इतक्या बारीक टाक्यांनी सांधलं, की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. मग म्हणाली, "म्या कुठं नेसू असली? तूच नेस." मीही कुठं नेसणार होते? माझा बीएचा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला होता. मी फोटो काढला आणि जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपवर टाकला. लातूरच्या एका बाईनं घेतली.

एकदाच नेसलेली, हे मी खोटं लिहिलं होतं. ते मी नाकारत नाही. दुसऱ्यांच्या जाहिराती बघून लिहिलं. सगळ्यांच्याच साड्या तिथं एकदाच नेसलेल्या असतात.

पण काकूंचा राग खोट्यावर नव्हता.

"नेसायला दिली होती, धंदा करायला नाही," त्या म्हणाल्या. "दान दिलेली वस्तू विकायची नसते. एवढं तरी शिकवलंय का घरी?"

आई पुढं आली. जग खाली ठेवला. काय झालं ते तिला तोवर उमगलं होतं. तिनं सगळ्यांसमोर काकूंच्या पायाला हात लावला. "पोरगी नादान हाय, काकू. माफी द्या." मग माझ्याकडं बघितलं. मीही वाकले.

हो, मीही वाकले. त्या दिवशी मी काही बोलले नाही. ट्रे उचलला आणि उरलेले डबे वाटले. ज्या हसल्या त्यांच्याच हातात, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आईला सांगितलं, आतापर्यंत दिलेलं जे जे घरात असेल ते परत आण. आम्ही पिशवी भरली. बिनहँडलची कढई, माझा नववीतला स्वेटर, एक छत्री. रेल्वेपटरीपलीकडच्या आमच्या खोलीपासून आई ती पिशवी डोक्यावर घेऊन गेली. काकूंनी आत न बघता ती भंगारवाल्याला देऊन टाकली.

मार्चमध्ये काकू एकदम गोड बोलायला लागल्या. त्यांची सून बाळंत झाली होती. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. पुण्यात शिकलेली, दिवसभर फोनवर काम करणारी. काकू आईला म्हणाल्या, "सुमन, तुझ्याकडं हातशिलाईची वाकळ आहे म्हणत होतीस ना? बाळासाठी पाहिजे. जुनी, मऊ."

वाकळ एकच होती. साखऱ्याला, गावी राहत होतो तेव्हा आईनं शिवलेली. बाप वारला त्या साली. त्याचे दोन सदरे, तिच्या लग्नातलं लुगडं, माझं पहिलं झबलं, सगळं तिच्यात होतं. आई दुपारी शेतातून यायची आणि भाकर खायच्या आधी चार ओळी शिवायची. एका कोपऱ्यात लाल दोरा संपला, तिथं निळा घातला होता. सतरा हिवाळे आम्ही दोघी त्या वाकळीत निजलो.

ज्या घरात आईचा कप वेगळा, त्या घरातलं लेकरू आमच्या वाकळीवर निजणार? तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण आईचा चेहरा उजळला होता. "माफ केलं त्यायनं," ती म्हणाली. वाकळ उन्हात घातली, घडी केली, नव्या पिशवीत ठेवून नेऊन दिली. बदल्यात काही मागितलं नाही. काकूंनी दिलंही नाही.

जूनमध्ये मला ती दिसली. फोनवर. वहिनी जुन्या वस्तूंचं पेज चालवायच्या, हे मला तेव्हा कळलं. पितळी डबे, लाकडी पाट, इरकलच्या साड्या. आणि पांढऱ्या भिंतीवर टांगलेली आमची वाकळ. कोपऱ्यातला निळा दोरा जवळून दाखवला होता. खाली लिहिलं होतं, "माझ्या आजेसासूबाईंनी शिवलेली. चार पिढ्या आमच्या घरानं जपलेली माया. एकच नग." किंमत साडेचार हजार.

मी तशीच निघाले. सकाळचे अकरा वाजले असतील. आई त्यांच्या हॉलमध्ये फरशी पुसत होती. काकू सोफ्यावर मेथी निवडत होत्या. मी वहिनींना फोन दाखवला.

"ही आमची वाकळ आहे."

"तुमची होती," वहिनी म्हणाल्या. आवाजही चढला नाही. "तुम्ही दिली ना? दिल्यावर आमची झाली. आम्ही तिचं काय करायचं, तो आमचा प्रश्न."

"मग साडीसुद्धा दिलेलीच होती."

काकूंचा मेथीवरचा हात थांबला. "ते दान होतं."

"आणि हे?"

"हा बिझनेस आहे," वहिनी म्हणाल्या. "फोटो काढावे लागतात, स्टोरी लिहावी लागते. लोक स्टोरीचे पैसे देतात. तुझ्या आईकडं ती पडून होती."

"पडून नव्हती. अंगावर होती."

आई ओल्या फरशीवर गुडघे टेकून आमच्याकडं बघत होती.

"स्टोरी आमची आहे," मी म्हणाले. "विकायची तर विका. नफा घ्या. पण खरं लिहा. साखऱ्याच्या सुमननं शिवली म्हणून लिहा."

वहिनी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान पोराला समजावताना हसतात तशा. "तसं लिहिलं तर कोण घेईल गं? कुणाच्या अंगावरची आहे हे कळल्यावर..."

पुढं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. बावीस वर्षं जे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, ते त्या अर्ध्या वाक्यात बराबर मावलं. आमचं काम विकतं. आमची माया विकते. फक्त आम्ही त्यातून पुसले गेलो पाहिजे.

"सुमन, पोरीला आवर," काकू म्हणाल्या.

"घरी जाय," आई मला म्हणाली.

मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी हलले नाही. "तुम्ही काढा ते. आत्ता. माझ्या आईनं शिवलेली आहे, तुमच्या आजेसासूनं न्हाई." त्या घरात मी नेहमी पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी माझ्या तोंडातून न्हाई निघालं आणि मी ते सुधारलं नाही.

"उद्यापासून येऊ नको, सुमन," काकू म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंच नाही.

मी आईचा दंड धरला. "चल." आईनं हात सोडवून घेतला. अर्धी फरशी राहिली होती, ती पुसली. बादली मोरीत रिकामी केली. फडकं पिळून वाळत घातलं. मगच माझ्यामागून बाहेर आली. रस्त्यात फक्त एवढंच म्हणाली, "काहून बोललीस? दोन मिन्टं गप बसली असतीस."

त्या गल्लीतली बाकीची तीन घरंही पंधरा दिवसांत सुटली. कारण कुणी सांगितलं नाही. मी वहिनींच्या पेजवर लिहिलं, ही वाकळ माझ्या आईनं शिवलीय. तासाभरात ते पुसलं गेलं आणि मला ते पेज दिसेनासं झालं. एका मैत्रिणीच्या फोनवर बघितलं तर वाकळ विकली गेली होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, किती सुंदर वारसा.

आई आता अडतीवर हळद निवडायला जाते. दिवसभर ती धूळ. संध्याकाळी येते तेव्हा पापण्यासुद्धा पिवळ्या असतात. खोकते. माझ्याशी कामापुरतं बोलते. एकदा म्हणाली, "कुण्या तरी लेकराला ऊब लागत असंल, जाऊ दे." तिला मी सांगितलेलं नाही, की असल्या वाकळी लोक अंगावर घेत नाहीत. भिंतीवर लावतात.

बीए झाले. नोकरी नाही. मी जुने कपडे विकते, फोनवर आणि जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात. लोकांच्या दारी जाऊन विकत घेते. काही बायकांना त्याचाच राग येतो. "आम्ही फुकट देतोय, आणि तू भाव करतेस?" फुकट असेल तर मी घेत नाही. घरी आणून धुते, सांधते, बटणं लावते. कुठं फाटलं होतं आणि किती वापरलंय ते लिहिते. त्यामुळं फोनवर फार विकत नाही. माझ्या जाहिरातीशेजारी दुसरा कुणी नवीनसारखं लिहितो, त्याचं विकतं.

मागच्या बाजारात एक बाई आल्या. शाळेत शिकवत असाव्यात, पर्सला ओळखपत्र लटकत होतं. एका फ्रॉकची किंमत विचारली. मग विचारलं, "तू कितीला घेतलास?"

मी खरं सांगितलं.

"म्हणजे दुप्पट? जुन्या कपड्यावर? गरिबांकडून असा नफा घेताना लाज वाटत नाही?"

"न्हाई वाटत," मी म्हणाले. "विकत घेतला, धुतला, शिवला, उन्हात घेऊन बसले. माझ्या हाताचा नफा आहे. कुणाचं नाव पुसून घेतलेला न्हाई."

त्यांनी फ्रॉक ताडपत्रीवर टाकला आणि गेल्या. त्या दिवशी भोवनीसुद्धा झाली नाही. जाण्या-येण्याचं भाडं अंगावर पडलं.

असंच चालेल, हे मला माहीत आहे. त्यांचं पेज मोठं होईल. माझी ताडपत्री एवढीच राहील. आईचा खोकला कमी होणार नाही. जगात फरक पडेल असं मला कुणी सांगू नये, मी ऐकणार नाही.

पण कुणी देतंय म्हणून मी हात पुढं करणार नाही. माझ्या हातून जाणाऱ्या कपड्यावर खोटी आजी चिकटवणार नाही. आणि माझ्या आईचं नाव खोडून कुणी तिचे टाके विकायला बसलं, तर मी तिथं जाऊन बोलेन. त्या घरात, त्या बाजारात, जिथं असेल तिथं. काम सुटू दे. बोलेनच.