शेवटच्या कडव्यासाठी सॉफ्टवेअर

वडिलांनी आयुष्यात एकच गाणं स्वतः रचलं. बाकी सगळी दुसऱ्यांची गायले. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत हार्मोनियमवर बसत. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. वडिलांनीही आपल्या त्या एकुलत्या, विहिरीबद्दलच्या गाण्यात गुंफलं होतं. आईनं त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. त्यामुळे आमच्या घरात ते नाव ऐकू यायचं ते एकाच ठिकाणी, त्या कडव्यात. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आठ दिवसांवर आला, तेव्हा आईनं मला सांगितलं, "भाषनं नकोत कुनाची. त्यांचं ते गानं लाव. शेवटचं कडवं तेवढं नीट ऐकू येऊ दे."

गाणं एका सीडीवर होतं. पार्टीनं पूर्वी एक कार्यक्रम करून त्याचं ध्वनिमुद्रण केलं आणि सीडीचं प्रकाशनही केलं. प्रकाशन म्हणजे पाहुणे. सीडीवर चिकटवलेल्या गोल स्टिकरवर प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो होता, त्याखाली आणखी चार पाहुणे होते, आणि गाणाऱ्यांची नावं भोकाभोवती, भिंग लागेल अशा अक्षरात. आतला क्रमही तसाच. आधी भाषणं, मग गाणी. वडिलांचं गाणं सगळ्यात शेवटी.

माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि सॉफ्टवेअर शोधायला बसलो. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे मला वाटत होतं की निवड करणं आपल्याला जमतं. पहिलं उतरवलं ते दिसायला लग्नपत्रिकेसारखं होतं. ते सीडी उतरवणार, भरणार, तिचं कव्हर छापणार, शिवाय गाण्याला पावसाचा आवाज जोडणार. शेवटच्या गाण्याशी आल्यावर मात्र ते अडकलं आणि ड्राइव्ह थरथरायला लागला.

एका चर्चापानावर कुणीतरी लिहिलं होतं की जाड स्टिकरमुळे सीडीचा तोल जातो. मला एवढंच हवं होतं. प्रमुख पाहुणे मला पहिल्यापासूनच डोळ्यांत खुपत होते. मी कडेशी नख घातलं आणि त्यांना सावकाश सोलायला लागलो. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. बोटभर सोलल्यावर लक्षात आलं की स्टिकरच्या पाठीला चांदी लागून येतेय. सीडीवरचं सगळं ध्वनिमुद्रण त्या चांदीतच असतं, आणि ती खालच्या प्लास्टिकला नव्हे, वरच्या गोंदाला चिकटली होती. मी सीडी खिडकीकडे धरली. कडेच्या पट्ट्यातून समोरची दुधाची गाडी आरपार दिसली.

सीडी आतून बाहेर लिहितात. म्हणजे भाषणं शाबूत होती. मी सोललं ते वडिलांचं गाणं.

आईला सांगितलं नाही. ती बाहेर बसून पत्रिकेची यादी करत होती. मी आतून फोन सुरू केले. केडगावात ज्या स्टुडिओनं सीडी काढली तिथे आता फ्लेक्स छापतात. मालक म्हणाला, "सर, मूळ कॉम्प्युटर कवाच भंगारात गेला. सीडी लोकांनी शेतात बांधल्यात. पाखरं भितात चमकीला." मला वाटलं, थट्टा करतोय. पार्टीतल्या हयात माणसांकडे विचारलं. एकाच्या नातवानं सीडी सायकलच्या चाकाला लावली होती, दुसऱ्याकडे नुसती डबी होती. उरली जामखेडकडची आत्या, वडिलांची धाकटी बहीण.

"जय भीम. आज कशी काय आठवन झाली?"

"आत्या, दादांच्या गाण्याची सीडी आहे का तुझ्याकडं?"

"हाय की. ज्वारीत हाय."

"ज्वारीत?"

"कनसं भरल्यात, पाखरं लई. म्हनून म्हैन्याखाली बांधली काठीला. आरं, घरात वाजवायला काय हाय आता? निदान राखन तरी करतोय भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं गेलो. आत्यानं स्वतः गाठ सोडली. स्टिकर उन्हानं पांढरा पडला होता, पाहुण्यांची फक्त मिशी शिल्लक होती. मी त्याला हात लावला नाही. काठीवर आपटून कडेला ओरखडे आले होते. आत्यानं पदरानं पुसायला घेतली तेव्हा मी जवळजवळ ओरडलो. ती म्हणाली, "तुज्याकडं बी हुती ना एक? तिचं काय झालं?"

"सोलली," मी म्हणालो.

"केळ हाय व्हय?"

घरी येऊन दुसरं सॉफ्टवेअर लावलं. लॅपटॉपबरोबर फुकट आलेलं. चार मिनिटांत काम पूर्ण झाल्याचं त्यानं हिरव्या अक्षरांत कळवलं. मी ऐकलं. गाणं सलग होतं, कुठे खरखर नाही. शेवटच्या कडव्यात वडिलांचा आवाज तेल लावल्यासारखा घसरत होता. अक्षरं होती, पण नावाच्या जागी नुसता सूर ओढलेला होता. जिथे वाचता आलं नाही तिथे सॉफ्टवेअरनं आजूबाजूचं बघून भर घातली होती, आणि कुठे घातली याची नोंदही ठेवली नव्हती. मी दोनदा ऐकलं. कार्यक्रमात चाळीस माणसं, लहान स्पीकर. कुणाला कळलं असतं? चालवून घ्यावं असं मला वाटलं, हे लिहून ठेवतो.

आई मागे कधी येऊन उभी राहिली होती ते कळलं नाही.

"नाव खाल्लं की रं यानं," ती म्हणाली. "आन् हे असं गुळगुळीत कोन गातंय? ते न्हाईत हे."

मग मी तिला सगळं सांगितलं. स्टिकरचंही. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, हे रागावण्यापेक्षा जास्त जड गेलं.

तिसरं सॉफ्टवेअर मी आधी नाकारलं होतं, कारण त्याची खिडकी तहसील कचेरीतल्या अर्जासारखी करडी होती. ते भर घालत नाही. प्रत्येक जागा पुन्हा पुन्हा वाचतं, दोन वाचनं जुळली तरच मान्य करतं, नाहीतर तेवढी जागा कोरी सोडतं आणि शेवटी कुठे खात्री नाही ते लिहून देतं. असं प्रामाणिक काही मला नोकरीतही भेटलं नव्हतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत ते तीनदा चालवलं. भाषणं स्वच्छ आली. प्रमुख पाहुण्यांनी वडिलांचं नाव तीन वेळा घेतलं होतं, ठणठणीत, आणि तिन्ही वेळा आडनाव दुसऱ्याच कुणाचं लावलं होतं. गाणं आलं. शेवटचं कडवंही आलं, श्वासासकट, आणि नावापाशी कोरी जागा. अहवालात तेवढीच एक ओळ लाल होती.

कार्यक्रमाच्या सकाळी मांडवात खुर्च्या लागत होत्या. मी म्हणालो, "आई, कोऱ्या जागेसकट लावू. किंवा नुसती पहिली दोन कडवी."

"एका जागी किती येळा वाचतं ते?"

"सोळा वेळा. मग सोडून देतं."

"वाढवता येतं का?"

"येतं. पण ड्राइव्ह तापतो. सीडी तडकलीबिडकली तर आहे तेही जाईल."

बाहेरून कुणीतरी विचारलं, स्पीकर कुठे ठेवायचा. आई त्या लाल ओळीकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही.

"आहे ते गेलं तर गेलं," ती म्हणाली. "वाचू दे त्याला."

मी आकडा वाढवला. ड्राइव्ह कण्हत फिरायला लागला. आईनं त्यावर हात ठेवला, ताप बघावा तसा, आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. बाहेर लोक जमायला लागले होते.